ओल दिसते तिथे वाट नसते

चेंबूरमध्ये आकाशातला पाऊस थांबला, तरी झाडांवरचा थांबत नाही. पूर्वेकडच्या जुन्या वसाहतींत वर्षावृक्ष, गुलमोहर आणि सोनमोहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांत मिसळले आहेत. त्यांच्याखाली उभ्या असलेल्या गाड्यांवर सर ओसरल्यानंतरही बराच वेळ थेंब ठिबकत राहतात आणि थेंबांबरोबर बारीक पाने, पाकळ्या, शेंगांचा चुराही उतरत राहतो. त्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे गल्लोगल्ली चालू आहेत. त्यांची सिमेंटची धूळ याच पानांवर बसते आणि पहिल्या पावसात धुऊन खाली येते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणपणे 2,000 मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद होते. एवढे पाणी अंगावर घेऊन उघड्यावर उभी राहणारी गाडी आतून कोरडी राहते, हेच खरे तर नवल.

अशाच एका वसाहतीतील व्यापारी कुटुंबाची ही हकिकत आहे. स्टीलच्या भांड्यांचे दुकान, घरात आई-वडील, दोन मुलगे, थोरली सून आणि शाळेत जाणारी नात. गाडी सात वर्षांपूर्वी घेतलेली, छताला सरकती काच असलेली. आषाढातल्या एका आठवड्यात नातीचे मोजे गाडीत बसल्या बसल्या भिजले. पुढच्या डाव्या आसनापाशी पायाखालचा गालिचा ओला झाला होता. छत्रीचे पाणी असेल, असे समजून तेथे वर्तमानपत्रे अंथरली गेली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रे लगदा झाली. मग कापराच्या वड्या आल्या, सुगंधी बाटली आली. श्रावण लागेपर्यंत सकाळी काचा आतून धुरकट दिसू लागल्या, कुबट वास सुगंधावर मात करू लागला आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा सूचक दिवा पेटला तो विझेनाच.

घरातील आईंना गुडघ्यांचे दुखणे. चातुर्मासात रोज मंदिरात जायचे तर गाडीचाच आधार. पण गालिच्याच्या कडेला पांढरट बुरशीचा ठिपका दिसला, त्या दिवसापासून त्यांनी गाडीत बसणे सोडले. बुरशीतील अनंत जीवांवर पाय ठेवून देवदर्शनाला जाणे त्यांना मान्य नव्हते. त्या काठी टेकत, भर पावसात, रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. पर्युषण तोंडावर आले होते. घरातल्यांना आता स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

उपाय दोन सुचले. जवळच्या एका गॅरेजवाल्याने सांगितले की, काचांच्या आणि छताच्या सगळ्या फटींत सिलिकॉन भरून देतो, दोन तासांत काम होईल. धाकट्या मुलाला हा खटाटोपच नको होता. त्याने जुनी गाडी देऊन नवी घेण्याचा भाव काढून ठेवला होता. चार दिवस उघाड पडली की गालिचा वाळवायचा, कोरड्या दिवशी गाडी दाखवायची आणि दसऱ्याला नवी आणायची, असा त्याचा बेत होता.

वडिलांनी दोन्ही उपाय ऐकून घेतले. चाळीस वर्षे रोजमेळ लिहिलेला माणूस. ते एवढेच म्हणाले, "मेळ बसत नाही म्हणून फरक उचंत खात्यात टाकायचा आणि दुकान बंद करायचं, असं आपण कधी केलं नाही. आधी पाणी येतं कुठून ते शोधा. विकायची की ठेवायची, ते नंतर ठरवू."

व्यापारी घरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उचंत खात्यात टाकलेली रक्कम त्या रात्रीपुरती दिसेनाशी होते. वर्षअखेरीस ती वाढून समोर येते. कापूर, सुगंधी बाटली, अंदाजाने मारलेले सिलिकॉन ही गाडीची उचंत खातीच होत.

थोरल्या मुलाने काम हाती घेतले आणि दुकानाच्या ओळखीतल्या एका वयस्क मिस्त्रींना रविवारी बोलावले. मिस्त्रींनी गालिच्याला हातही लावला नाही. ते आधी बोलले, "शेठ, गाडी पाणी अडवत नाही. पाण्याला वाट देते. वाट कुठे बुजली, ते बघायचं."

हे वाक्य ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, पण गाडीची रचना तशीच असते. छताच्या सरकत्या काचेभोवतीचे रबर सगळे पाणी रोखण्यासाठी नसतेच. काही पाणी त्याच्या कडेने आत शिरणार, हे गृहीत धरूनच काचेखाली चौकटीभर पन्हळ बसवलेली असते. तिच्या कोपऱ्यांना बहुधा चार बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या पुढील काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागील खांबांतून, आणि पाणी गाडीखाली सोडून देतात. पुढच्या काचेच्या पायथ्याशी वायपरखाली जाळी असते. तिच्याखालीही एक पन्हळ आणि दोन्ही टोकांना निचऱ्याची छिद्रे असतात. पंखा गाडीत हवा खेचतो तीही येथूनच. म्हणून ही पन्हळ पानांनी तुंबली, की पाणी हवेच्या वाटेने आत उतरते. दारांचेही तसेच. काच खालीवर होण्यासाठी जी फट ठेवलेली असते, तिच्यातून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत जातेच. ते दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. दाराच्या आतील आवरणामागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी माणसांच्या बाजूला येऊ देत नाही. वातानुकूलन यंत्राचेही स्वतःचे पाणी असते. मुंबईच्या दमट हवेत ते थोडेथोडके नसते, आणि त्यालाही एक नळी गाडीखाली वाट देते.

म्हणजे पाणी येते हा दोष नाही. बाहेर जाण्याची वाट बंद होणे हा दोष. मुंबईकराला हे तत्त्व नवे नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा चेंबूरशेजारच्या कुर्ल्यात मिठी नदी वस्त्यांत शिरली. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट, म्हणजे ताशी 50 मिलिमीटर करावी, ही शिफारस 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालातच होती. त्या दिवशीचा पाऊस कोणत्याही हिशेबापलीकडचा होता हे खरे. तरीही अरुंद झालेल्या आणि तुंबलेल्या वाटांनी संकट वाढवले. तेव्हापासून मे महिना आला, की नालेसफाई झाली का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आपल्याच गाडीचे नाले मात्र कोणी विचारात घेत नाही.

शोधाचा पहिला नियम असा, की पाणी कोणते आहे हे आधी ओळखावे. वातानुकूलनाचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. पाऊस नसतानाही, यंत्र चालले की ते दिसते. इंजिन थंड ठेवणारा द्रव आत गळत असेल, तर तो बोटांना चिकट लागतो, गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट पापुद्रा धरतो. पावसाचे पाणी मळकट असते आणि मागे मातीची रेघ ठेवते. घरात एक जुनी वही घेऊन आठ दिवस नोंदी करण्यात आल्या. तारीख, पाऊस पडला की नाही, गाडी उभी होती की चालती, तोंड उताराकडे होते की चढाकडे, यंत्र चालू होते की बंद, आणि शेवटी गालिचा ओला की कोरडा. आठव्या दिवशी वहीने उत्तर दिले. यंत्र दिवसभर चालूनही, पाऊस नसेल तर नवी ओल नव्हती. भिजत उभी राहिली तरच ओल, आणि सोसायटीच्या उतारावर तोंड खाली करून उभी असली तर अधिक. वातानुकूलन निर्दोष ठरले. पाणी पावसाचे होते आणि वरून पुढच्या बाजूला येत होते.

दुसरा नियम, आधी सारे कोरडे करावे आणि आवरण उचलून पाहावे. वरचा गालिचा हाताला ओलसर लागत होता, पण त्याच्याखालचा फोम पाण्याने जड झाला होता. आसन काढून तो पिळला, टॉवेलने टिपला आणि दुकानातल्या मापाने मोजला, तेव्हा तीन लिटर पाणी निघाले. मिस्त्रींनी आसन काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवून ठेवली होती. आसनाखालून एअरबॅगच्या तारा जातात आणि त्यांच्या पिवळ्या जोडणीशी चालू विजेत खेळ करायचा नसतो. ही जोडणी पाण्यात राहून हिरवट पडली होती. पेटून राहिलेल्या दिव्याचे कारण तेच.

तिसरा नियम परीक्षेचा. मुलाने गाडी धुण्याची नळी आणली, तेव्हा खिडकीतून आई म्हणाल्या, "अणगळ पाणी असं धो धो सोडू नका रे. कुंड्यांची झारी घ्या." जीवदयेपोटी आलेली ही सूचना कामाच्या दृष्टीनेही अचूक होती. जोराचा फवारा एकाच वेळी दहा जागा भिजवतो, आणि मग पाणी नेमके कोठून शिरले हे कळत नाही. झारीची बारीक धार एकाच जागेला विचारते. विचारण्याचा क्रम खालून वर. वरून सुरुवात केली, तर ओघळ खालच्या सगळ्या फटींवरून जातो आणि एकही फट निर्दोष ठरवता येत नाही. धाकटा मुलगा एव्हाना कुतूहलाने सामील झाला होता. तो विजेरी घेऊन आत बसला. उघड्या पत्र्यावर आणि खांबाच्या पायथ्याशी टाल्कम पावडर भुरभुरली होती. कोरड्या पावडरीवर पाण्याचा एक थेंबही रेघ उमटवल्याशिवाय पुढे सरकत नाही.

वायपरखालच्या पन्हळीत दहा मिनिटे पाणी सोडले. ते बाहेर निघून गेले, आत काही नाही. मग दाराच्या काचेच्या फटीवर धार धरली. काही मिनिटांत आतून आवाज आला, "दादा, थांब. दाराखालून रेघ आली." आवरण काढल्यावर दिसले, की दोन वर्षांपूर्वी स्पीकर बदलताना प्लास्टिकचा पडदा कापला गेला होता आणि कागदी पट्टीने कसाबसा चिकटवला होता. पट्टी सुटली होती. सगळ्यांना हायसे वाटले.

वडील खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारले, "दहा मिनिटांत किती आलं?" फडके पिळून पाहिले, तर पाव वाटीही भरेना. "आणि खाली साठलं होतं तीन लिटर. रक्कम जुळते का?"

जुळत नव्हती. मेळातली एक चूक सापडली, की मन दुसरी शोधायचे थांबते, आणि फरक तिथेच राहतो. काम पुढे चालू झाले. काचेची कड तपासली, कोरडी निघाली. शेवटी छताची काच सरकवून पन्हळीच्या उजव्या कोपऱ्यात वाटीभर पाणी ओतले. क्षणभरात ते उजव्या चाकामागे जमिनीवर पडले. डाव्या कोपऱ्यात तेवढेच ओतले. जमिनीवर काही आले नाही. पाणी पन्हळीत चढत गेले, काठाशी आले आणि दिसेनासे झाले. आत, खांबाच्या पायथ्याच्या पावडरीवर बोटभर रुंद रेघ उमटली. छताच्या डोक्यावरचे पाणी खांबाच्या पोटातून, कोणाच्याही नजरेस न पडता, पायांपाशी पोहोचत होते. ओल तळाशी होती आणि वाट माथ्यावर बुजली होती.

दुरुस्तीला मोठी हत्यारे लागली नाहीत. मासेमारीच्या जाळ्याला वापरतात तसला जाड तंगूस, टोक मेणबत्तीवर गोल करून, वरून हलक्या हाताने नळीत सरकवला. लोखंडी तार नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची जोरदार हवा नळी सांध्यातून निखळवते, आणि तो सांधा छताच्या आवरणामागे असल्याने नवे संकट ओढवते. म्हणून घाई केली नाही. तिसऱ्या प्रयत्नात खालच्या तोंडातून खडूच्या तुकड्यासारखा एक काळा बोळा बाहेर पडला. गुलमोहराची बारीक पाने सिमेंटच्या धुळीत मुरून घट्ट झाली होती. त्यामागून पाणी धावत आले. दाराच्या पडद्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ब्युटाइलची चिकट पट्टी आणली. ती वाळून कडक होत नाही आणि पुढे दार उघडावे लागले, तर पुन्हा बसवता येते. गॅरेजवाल्याचे सिलिकॉन ऐकले असते, तर निचऱ्याची तोंडेही त्याखाली गेली असती. शिवाय काही प्रकारचे सिलिकॉन घट्ट होताना आम्ल सोडते आणि पत्रा गंजवते.

यानंतर वाळवण्याचे काम. येथे क्रमाला महत्त्व आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या तिसाव्या अध्ययनात मोठ्या तलावाचा दृष्टान्त आहे. आधी पाणी येण्याचे मार्ग रोखावेत, मग साठलेले उपसावे, उरलेले तापाने शोषले जाते. तो दृष्टान्त कर्मांच्या संवर-निर्जरेसाठी आहे. तरी त्यातला क्रम कोणत्याही ओलीला लागू पडतो. या घराने आषाढभर उलटे केले होते. मार्ग उघडे ठेवून वर्तमानपत्रांनी उपसा चालवला होता. आता फोम बाहेर काढून तीन दिवस पंख्याखाली ठेवला. काचेमागचा आणि हवेच्या जाळीतला ओला कचरा काढला, जाळी नवी बसवली. गाडी चालवताना यंत्र बाहेरची हवा घेईल असे ठेवले, कारण तीच ती हवा आत फिरवत ठेवली की ओलावा आतच राहतो. बुरशी धरलेला नमद्याचा तुकडा आईंनी सांगितल्याप्रमाणे जयणेने कापून घेतला आणि कोणाचा पाय पडणार नाही अशा सावलीच्या जागी ठेवला. पिवळी जोडणी मिस्त्रींनी स्वच्छ करून बसवली, दिवा विझला. मग चार मोठ्या सरींत गाडी मुद्दाम उताराला तोंड करून उभी केली. पावडर कोरडी राहिली. पर्युषणाच्या पहिल्या सकाळी आई गाडीत बसल्या.

विकण्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता. धाकट्या मुलाची अडचण खरी होती. कुटुंबाला मोठी गाडी हवी होती आणि ठरवलेला भाव दसऱ्यापर्यंतच मिळणार होता. आता गाडी कोरडी होती, वास गेला होता, दिवा विझला होता. तो म्हणाला, "बाबा, दोष तर काढला. आता सांगायची काय गरज?"

वडिलांनी त्याला ऐकवले ते रागाने नव्हे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे. महिनाभर पाण्यात राहिलेल्या तारा आज चालतात. तीन वर्षांनी चालतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. "त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची नात बसणार. एअरबॅगची तार भिजली होती, हे तिच्या बापाला माहीत असायला हवं. आपल्या दुकानात पोचा पडलेलं भांडं आपण पोचा दाखवूनच विकतो ना?"

धाकटा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग तोच वही घेऊन गेला. खरेदी करणाऱ्याच्या माणसाने नोंदी वाचल्या, गालिचा उचलून पत्रा पाहिला, जोडणी तपासली आणि पंधरा हजार रुपये कमी केले. मुलाने घासाघीस केली नाही. घरी येऊन त्याने ती रक्कम गाडीच्या खात्यात दुरुस्ती खर्चाच्या खाली, स्वतःच्या हाताने लिहिली. वडिलांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि वही मिटली.

गाडीबरोबर नोंदींची वहीही गेली. तिच्या शेवटच्या पानावर थोरल्या मुलाने पुढच्या मालकासाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत छताची काच उघडून चारही कोपऱ्यांत वाटीभर पाणी ओतावे आणि ते जमिनीवर येते का पाहावे. वायपरखालची पाने हाताने वेचावीत. दारांच्या तळाची छिद्रे काडीने मोकळी करावीत. गाडी शक्यतो गुलमोहराखाली उभी करू नये.